आणि, आणि

मंगळवारी सात वाजता, ग्रिम्सबीत,
चॅपलच्या मागच्या खोलीत
ग्लेनिस हार्कर फळ्यावर लिहितात:
अँड. बट. ऑर. बिकॉज. ऑल्दो. अनलेस.
हीटर नुसता ठणठणतो, तापत नाही.
समोर नऊ जणं, त्यातली सहा थेट माशांच्या कारखान्यातून.
हात तीनदा धुतले तरी
वहीच्या कोपऱ्यांना कॉडचा वास.
मी मागे, किटलीपाशी. कप मोजणं एवढंच माझं काम.

त्या दोन चौकोन काढतात, मधे एक रेघ.
फोर्कलिफ्ट चालवणारी डाइवा म्हणते, ट्रेलरचा हुक!
अगदी तसंच, म्हणतात ग्लेनिसबाई.
उभयान्वयी, मी मनात म्हणते.
कित्येक वर्षांनी हा शब्द जिभेवर आला
आणि परीक्षेला बसल्यासारखं झालं.

शिलान विचारते, ऑल्दो आहे, मग पुढे बट का नको?
आमच्या कुर्दीत दोन्ही चालतात.
(आमच्यातही. जरी म्हटलं की तरी येतंच,
बोलावलं नाही तरी.)
इंग्रजीत एकच, ग्लेनिसबाई सांगतात, दुसरं खोडायचं.
शिलान खोडते.
म्हणजे या देशात 'जरी' मिळतं,
'तरी' ज्याचं त्यानं शोधायचं.

मग गृहपाठ. विषय: माझा प्रवास.
हब्तोमचं एकच वाक्य, पावणेदोन पानांचं.
मी अस्मारातून निघालो आणि रात्र होती
आणि माझा भाऊ होता आणि वाळू होती
आणि कसाला आणि ट्रक आणि पैसे दिले आणि परत दिले
आणि समुद्र आणि माझा भाऊ नव्हता आणि सकाळ झाली
आणि लोकांनी बिस्किटं दिली आणि
एकतीस लाल गोल.

एवढे अँड नकोत हब्तोम, त्या हळू आवाजात म्हणतात.
कधी बिकॉज वापर. कारण सांग. वाक्याला कणा येतो.

तो पेनाचं टोपण काढतो, लावतो.
बिकॉज मी फॉर्मवर लिहिलं, म्हणतो,
सोळा पानं, नुसतं बिकॉज.
त्यांनी कळवलं, विश्वास बसत नाही.
अँडला कुणी असं लिहून पाठवत नाही.

डाइवा बिस्किटांचा डबा पुढे सरकवते.
कुणीच घेत नाही.

ग्लेनिसबाई पान उलटतात, जरा घाईनंच: इंटरजेक्शन्स.
ओह. आउच. वाव. हरे.
हे शब्द वाक्यात असतात, पण वाक्याचे नसतात.
काढून टाकले तरी वाक्य उभं राहतं.
उद्गारचिन्ह विसरू नका.
सुरीनं बोट कापलं की काय म्हणाल?
ओय, म्हणते डाइवा. आउच नाही, कधीच नाही.
सुपरवायझरला आउच, मला ओय.
शिलान हसत हसत कुर्दीत असं काही सांगते
की तिचा नवरा मान खाली घालतो.
मी? मला कुणी विचारलं नाही.
आई गं, म्हटलं असतं मी,
चाळीस वर्षं इथं राहूनसुद्धा.

हब्तोम म्हणतो, वाय.
एवढंच. कापलेल्या बोटाचा नव्हे तो शब्द,
हे भाषा न कळताही सगळ्यांना कळलं.
ग्लेनिसबाई खडू उचलतात,
पण याचं स्पेलिंग काय करायचं ते त्यांना ठरवता येत नाही.

मग तोच विचारतो, अगदी व्याकरणाचं:
कारखान्याच्या फाटकावर बॅरी रोज म्हणतो, नाउ देन.
कुठलं नाउ, मिस? कुठलं देन?
त्या पहिल्यांदा मनापासून हसतात.
अरे, त्याला अर्थ नाही. इकडचा नमस्कार आहे तो.
पुस्तकात?
नाही, पुस्तकात नाही.

साडेआठला कप विसळताना बघते,
हब्तोमची वही टेबलावर तशीच,
ग्लेनिसबाई खोडरबरानं लाल शाई घासतायत.
शाई जात नाही, कागद मात्र पातळ होतो.
सात-आठ गोलांनंतर त्या थांबतात.

बाहेर गोदीकडचा वारा.
तो सायकलचं कुलूप काढत असतो,
वही घेतो, उघडत नाही.
नाउ देन, मिस, म्हणतो.
त्या मफलर सावरतात.
नाउ देन, हब्तोम.